उमेदवारी

कचेरीत कायमची जागा मिळण्यापूर्वी तरुणाने काही काळ उमेदवारी करावी, ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी सर्रास होती. उमेद धरून बसावयाचे, म्हणून उमेदवारी. पुढे निवडणुकांनी हा शब्द आपलासा केला. पण कारखान्यात ‘शिकाऊ उमेदवार’ अद्याप आहे, आणि त्याच्यासाठी १९६१ चा केंद्रीय कायदाही आहे.

हा कायदा उमेदवाराला शिकणारा मानतो, कामगार नव्हे. त्याला मिळते ते वेतन नसून विद्यावेतन. शिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मूळ कायद्याने, करारात तशी अट नसल्यास, मालकावर घातले नव्हते. १९९५ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इतर बाबी समान असतील तर संस्थेत शिकून तयार झालेल्यास अग्रक्रम द्यावा. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाने याविषयी स्वतःचे धोरण ठरवावे, असे सांगितले.

मालकांची तक्रार ठरलेली असते : “आम्ही शिकवावे आणि शेजाऱ्याने घेऊन जावे!” ती खोटी नाही. पण गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली मांडलेला विचार येथे ध्यानात घ्यावा. जे कसब कोठेही चालते, त्याच्या शिक्षणाचा खर्च शिकणाराच कमी मोबदला पत्करून सोसतो. लेथ चालविणे हे असेच कसब. म्हणजे तुटपुंज्या विद्यावेतनावर राबणारा मुलगा आपली फी भरतच असतो. फी घेऊन शिकविलेच नाही, तर त्याला काय म्हणावे?

सरकारी कामानिमित्त मी एका लहान कारखान्यात गेलो होतो. एका उमेदवाराची रोजची नोंदवही चाळली. सहा आठवडे एकच शब्द : ‘साफसफाई’. मालक मनाने वाईट नव्हते, ते म्हणाले, “साहेब, मिस्त्री हातचे राखून शिकवतो. मी काय करू?” मिस्त्रींना गाठले. साठीला आलेले, हाताला तेल. प्रथम बोलेनात. मग म्हणाले, “मला मजुरी नगावर मिळते. पोराला तासभर शिकवले की माझे नग कमी भरतात. आणि तो तयार झाला की स्वस्तात माझ्याच जागी बसणार.”

खर्च कोण सोसतो याची एवढी चर्चा आम्ही शिकलेली माणसे करतो. मिस्त्रींच्या खिशाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते, माझेही नाही. मालकांना मी इतकेच सुचविले की, शिकविण्याच्या तासांची मजुरी मिस्त्रींना वेगळी द्यावी, आणि त्यांची जागा जाणार नाही हे लिहून द्यावे. दुसऱ्या गोष्टीला ते बराच वेळ कचरले. अखेर दोन्ही मान्य केल्या.

पुढच्या खेपेस गेलो तेव्हा मिस्त्री त्या मुलावर खेकसत होते. त्याने माप चुकीचे घेतले होते. नोंदवहीत त्या दिवशी लिहिले होते : ‘आटे पाडणे. दोन नग बाद.’