थापीकडून नकाशाकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी वक्ती नव्हे. माझी अकरा वर्षे बांधकामाच्या परांचीवर गेली आणि पुढची सात नकाशाच्या टेबलाशी. तेव्हा हाताने जे केले त्याविषयीच बोलते. प्रश्न एवढाच आहे : शरीर जायबंदी झाले म्हणजे शिकलेला धंदाही संपला काय?

बांधकामाचा आवाज ठाकुर्लीत कोणास नवा नाही. चोळेगाव, खंबाळपाडा, नव्वद फुटी रस्ता, जिकडे जावे तिकडे इमारती उठल्या आहेत. त्या कामांवर बाईमाणूस दिसते, पण बहुधा घमेले उचलताना. थापी तिच्या हाती सहसा येत नाही. मला ती मिळाली, कारण आमचे घरचेच लहानसे ठेक्याचे काम होते आणि माणसे कमी होती. माल कालवण्यापासून आरंभ केला, मग गिलावा, मग लादी, मग जिन्याच्या पायऱ्या. पुढे एका मोठ्या कामावर परांचीची फळी निसटली आणि मी खाली आले. मणक्याला मार बसला. सहा महिने अंथरूण धरले. डॉक्टरांनी सांगितले की वजन उचलणे, वाकून काम करणे आणि परांचीवर चढणे कायमचे बंद. तेथल्या ठेकेदाराने पहिले बिल भरले आणि नंतर ओळख दाखवली नाही.

भेटावयास येणाऱ्या बाया मायेने सांगत, “आता घरबसल्या पापड कर, पोळ्यांची ऑर्डर घे.” त्या कामात कमीपणा मुळीच नाही, त्यावर कितीतरी संसार उभे आहेत. पण अकरा वर्षांत जे शिकले ते सारे पाण्यात सोडावयाचे, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच येत नव्हती. जखम माझ्या पाठीला झाली होती, माझ्या माहितीला नव्हे.

इमारतीचा नकाशा काढणाऱ्या कारागिराला सरकारी भाषेत आरेखक म्हणतात. आर्किटेक्ट घराची कल्पना करतो, इंजिनियर लोखंड आणि काँक्रीटचा हिशेब करतो, आणि त्या दोघांचे म्हणणे गवंड्याला, सुताराला, प्लंबरला कळेल असे कागदावर मांडावयाचे काम आरेखकाचे. पूर्वी हे काम फळा, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंगच्या कागदावर चाले. १९८२ साली ऑटोकॅड नावाची संगणक-प्रणाली निघाली आणि हळूहळू फळ्याची जागा पडद्याने घेतली. साधन बदलले, पण रेघ खरी असली पाहिजे, हा नियम बदललेला नाही.

मी शिकावयास बसले तेव्हा निम्मे शिक्षण आधीच झाले आहे असे आढळले. भिंत काटकोनात आहे की नाही हे आम्ही दोरीने पाहत असू. एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, आणि तिरपी दोरी बरोबर पाच भरली तर कोपरा खरा. शाळेत ज्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात तो हाच. कामावर जो गुण्या वापरला तोच कागदावर काटकोन झाला, ओळंबा उभी रेघ झाला आणि पाण्याच्या नळीने धरलेली पातळी आडवी रेघ झाली.

आणखी एक उदाहरण तुमच्या उपयोगाचे आहे. नकाशात खोली तीन मीटर रुंद दाखवलेली असते. ते माप पुष्कळदा विटेपासून विटेपर्यंतचे असते. दोन्ही भिंतींना बारा-बारा मिलिमीटर गिलावा चढला की खोली जवळजवळ एक इंचाने कमी होते, आणि तीन मीटरचे कपाट आणणाऱ्या बाईची फजिती होते. ज्याने गिलावा केला आहे तो हा इंच विसरत नाही.

मला पहिले काम मिळाले ते जिन्यामुळे. एका आर्किटेक्टच्या कचेरीत मी उमेदवारीसाठी गेले होते. परीक्षा म्हणून त्यांनी एक नकाशा पुढे ठेवला. मजल्याची उंची २९०० मिलिमीटर होती आणि चढ पंधरा दाखवले होते. मी म्हटले, “हा जिना म्हाताऱ्या माणसाला जड जाईल.” भागाकार केला तर एकेक चढ १९३ मिलिमीटरचा होत होता. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी चढाची मर्यादा १९० आहे आणि पाऊल ठेवावयाची जागा निदान २५० हवी. सोळा चढ केले तर एकेक १८१ वर येतो. शिवाय मी विचारले की खालच्या आणि वरच्या लादीची जाडी धरली आहे का. ती धरली नाही तर पहिली पायरी ठेंगणी होते, शेवटची उंच होते आणि नेमके तेथेच माणूस अडखळते. मला संहिता तेव्हा पाठ नव्हती. आकडे त्यांनी पुस्तक उघडून दाखवले. पण जड जिना माझ्या गुडघ्यांना पाठ होता. दुसऱ्या दिवसापासून मला कामावर घेतले.

आता अडचणीही सांगते, कारण गोड तेवढेच सांगणे बरे नव्हे. पहिल्या वर्षी हाती पडणारा पैसा गवंडीकामाच्या रोजापेक्षा कमी होता. दुखऱ्या पाठीला बसणे हेही ओझेच असते. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकली नाहीत तर संध्याकाळी उभे राहवत नाही. संगणकाची भीती वाटे. माझ्या मुलांच्या वयाची मुले भराभरा बटणे दाबीत आणि मी चष्मा पुसत बसे. पण त्यांना तुळईच्या खालून पाण्याची नळी कशी जाते हे ठाऊक नव्हते, मला होते. त्यांनी मला बटणे शिकवली, मी त्यांना नळी शिकवली.

ही वाट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकार होण्यासाठी गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असे त्यांना कळले, आणि रंगचित्रकला सुटली. त्यांनी यंत्रांची रेखाटने शिकण्याकडे मोर्चा वळवला, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवला, आणि त्या रेघांतूनच पुढचा कारखानदार घडला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील न्यूयॉर्कची. ब्रुकलिनच्या पुलाचे मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग हे नदीच्या तळाखाली दाबलेल्या हवेत काम करून १८७२ साली कायमचे आजारी पडले. त्यांनी बिछान्यावरून काम चालवले आणि त्यांची पत्नी एमिली हिने ते गणित व बांधकामशास्त्र स्वतः शिकून घेऊन दहा-अकरा वर्षे त्यांच्या सूचना कामावर पोचवल्या. १८८३ साली पूल खुला झाला. अंथरुणावरच्या माणसाचे ज्ञान वाया जाऊ न देणारी ती बाई मला फार जवळची वाटते.

आता थोडे व्यवहाराचे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावी उत्तीर्ण असावे लागते. वयाची वरची अट नाही. मी गेले तेव्हा वर्गात सर्वांत मोठी मीच होते. कोणत्या संस्थेत हा वर्ग आहे ते अर्जापूर्वी पाहून घ्यावे. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरते त्यांनी प्रमाणपत्र अवश्य काढावे. २०१६ च्या कायद्याने त्यांना सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत.

बांधकामावर जाणाऱ्या भगिनींनी आणि ज्यांचे यजमान जातात त्यांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवून ठेवावे. वय १८ ते ६० असावे आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम झालेले असावे. हजेरीची चिठ्ठी, ठेकेदाराचा दाखला, जो कागद मिळेल तो डब्यात जपून ठेवावा. कामावरच्या अपघाताची भरपाई ही मेहेरबानी नव्हे. आपल्या देशात तिचा कायदा १९२३ सालीच झाला. माझ्याजवळ कागद नव्हता म्हणून मला ती मिळाली नाही.

शेवटी मंडळाला दोन विनंत्या. घरात कोणी जायबंदी झाले तर “आता तुझ्याने काय होणार?” असे विचारू नका. वही घ्या आणि त्या माणसाला काय काय येते ते लिहून काढा. सुताराला लाकूड कळते, गवंड्याला भिंत कळते, प्लंबरला उतार कळतो. ती यादी वाचली की पुढची वाट बहुधा त्याच यादीत सापडते. मग ती आरेखकाची असेल, देखरेखीची असेल, मोजमापाची असेल.

दुसरी विनंती म्हणजे मंडळाच्या खोलीतील मागचे मेज शनिवारी संध्याकाळी मला द्यावे. संगणक मी माझा आणीन. ज्या मुलीला किंवा बाईला नकाशा वाचावयास शिकावयाचे असेल तिने वही-पेन्सिल घेऊन यावे. नकाशा काढता आला नाही तरी आपल्या घराचा वाचता येईल, आणि पदरचे पैसे मोजण्यापूर्वी किती चटई-क्षेत्र पदरात पडणार हे तरी कळेल.