दोन मिनिटांची आघाडी

फुटबॉलच्या संघांत आघाडीच्या खेळाडूचें स्थान मोठें चमत्कारिक असतें. इतरांनीं घाम गाळून चेंडू पुढें आणावा आणि यानें एका क्षणांत तो जाळ्यांत धाडावा. टाळ्या त्याच्या वांट्याला येतात. पण तो क्षण हुकला, तर दोषही त्याच्याच माथीं बसतो. अशा खेळाडूची कारकीर्द वर्षांनीं मोजावी कीं मिनिटांनीं, हा प्रश्न नेव्हिल डिसूझा यांचें चरित्र पाहतांना मनांत उभा राहिल्यावांचून राहत नाहीं.

डिसूझा यांचा जन्म १९३२ सालीं गोव्यांतील आसगांव येथें झाला. गोव्यावर तेव्हां पोर्तुगीजांचा अंमल होता. पोटापाण्यासाठीं मुंबईची वाट धरणारीं गोमंतकीय कुटुंबें फुटबॉलची आवडही बरोबर घेऊन येत. १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स चषकामुळें मुंबईंत या खेळाला मानाचें स्थान लाभलें होतें, आणि कुपरेजचें मैदान हें त्याचें माहेरघर होतें. डिसूझा तेथें टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढें कॅल्टेक्सकडून खेळले. इंग्लंडमध्यें १८८५ पासून धंदेवाईक खेळाडूला राजमान्यता होती. आपल्याकडे मात्र कंपनीनें नोकरी द्यावी आणि नोकरदारानें कंपनीच्या संघांतून खेळावें, अशी रीत होती. त्यामुळें येथील खेळाडूला नांव मिळालें, तरी संपत्ति मिळणें दुरापास्तच असे.

१९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें भारताचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला होता. आपले बरेचसे गडी त्या दिवशीं अनवाणी खेळले. तो डाग पुसण्याची जबाबदारी चार वर्षांनीं मेलबोर्नला गेलेल्या संघावर होती. सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे शिक्षक, व समर बॅनर्जी हे कर्णधार. हंगेरीनें माघार घेतल्यामुळें भारताला पहिली फेरी खेळावीच लागली नाहीं, आणि १ डिसेंबर १९५६ रोजीं गांठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशीं. नवव्या मिनिटास डिसूझांनीं पहिला गोल केला, तेहतिसाव्यास दुसरा. ऑस्ट्रेलियानें दोन्ही वेळां बरोबरी साधली. विश्रांतीनंतर पन्नासाव्या मिनिटास त्यांनीं तिसरा गोल चढविला. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एकाच सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. पुढें किट्टूंनीं चौथा गोल केला, आणि भारत चार विरुद्ध दोन असा विजयी झाला. आशियांतील संघानें ऑलिंपिकची उपान्त्य फेरी गांठण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या फेरींत पुन्हां समोर युगोस्लाव्हियाच उभा राहिला. पूर्वार्ध कोरा गेला. बावन्नाव्या मिनिटास डिसूझांनीं गोल केला, आणि दहा गोल खाणारा भारत त्याच प्रतिस्पर्ध्याच्या पुढें गेला! ही आघाडी अवघीं दोन मिनिटें टिकली. चौपन्नाव्या मिनिटास बरोबरी झाली, आणखी तीन मिनिटांनीं युगोस्लाव्हिया वरचढ ठरला, आणि अखेरीस चार विरुद्ध एक असा पराभव पदरीं आला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांतही बल्गेरियानें तीन गोलांनीं मात केली. पदक हुकलें, पण त्या स्पर्धेंत सर्वाधिक, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांत डिसूझा यांचें नांव कोरलें गेलें.

१९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोंचलेला नाहीं, म्हणून मेलबोर्नचें तें चौथें स्थान अजूनही आपलें सर्वोच्च यश आहे. डिसूझा १९८० सालीं मुंबईंत निवर्तले, तेव्हां त्यांनीं पन्नाशीही गांठली नव्हती. त्यांना ना धंदेवाईक खेळाडूचें वैभव लाभलें, ना पदक. तरी हेलसिंकीच्या सामन्यानंतर मान खालीं घालून परतलेल्या देशाला त्याच प्रतिस्पर्ध्यापुढें दोन मिनिटें कां होईना मान वर करून उभें राहतां आलें, तें त्यांच्यामुळें. अशी दोन मिनिटें सगळ्याच खेळाडूंच्या नशिबीं येत नाहींत.