नाव तपासून घ्या

मंडईत आपण काट्यावर डोळा ठेवूनच भाजी घेतो. दवाखान्याचा कागद मात्र न बघता घडी करून ठेवतो!

आमच्या ओळखीची एक भाजीवाली रात्री चक्कर येऊन पडली. मुलाने घाईत दवाखान्यात तिचे घरचे नाव सांगितले. विम्यात नाव दुसरे. कंपनीने पैसे नाकारले. बाईने पाटल्या मोडायला काढल्या. आम्ही म्हटले, थांबा जरा. दवाखान्यातून नाव दुरुस्त करून सही-शिक्का आणला. आधारची नक्कल जोडून कंपनीला अर्ज दिला, पोच घेतली. पैसे आले.

महिनाभरात कंपनीने दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. अशा तक्रारी ऐकणारा तो अधिकारी. त्याचे पुण्याचे कार्यालय नारायण पेठेत आहे, मंडईतून पायी जाता येते. फी नाही, वकील नाही. नकाराचे पत्र मात्र न्यावे, आणि वर्षाच्या आत जावे.