रुग्णाची कूस बदलताना

ठाण्यात माजिवडा असो की कळवा, रुग्णालयाच्या वॉर्डात शिकाऊ परिचारिकेला इंजेक्शन, सलाइन शिकवतात. माया उपजतच असते, असं धरून चालतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा दाखला वेगळं सांगतो. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ ते २०१५ तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. शुश्रूषा करणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या. तरी अरुणा यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नसल्याची नोंद २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेतली. इतक्या वेगवेगळ्या स्वभावांच्या बायकांमध्ये असं मायेनं जपणं आपोआप येत नाही, थोरल्यांकडून धाकट्यांच्या हाती येतं. गर्दीत वेळ कुठे, असं कुणी म्हणेल. तो ताण खराच. पण अंग पुसताना पडदा ओढायला, “आजी, आता डावीकडे वळवते हं” म्हणायला कितीसा वेळ लागतो? सिस्टरने हे खाटेशी उभं राहून दाखवावं, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्याला गुणही असावेत.