साथीदारांची मैफल



शेती, इतिहास, संतवाङ्मय अशा वजनदार विषयांवर ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या रांगेत आम्ही आज एका वाद्यमेळाची गोष्ट घेऊन उभे आहोत. त्याचे नाव 'शक्ती'. न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंत मुलुखगिरी केलेल्या या मेळाचे पवनारकरांना काय, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर एका शब्दाचे आहे : खंजिरी.

खंजिरी म्हटले की वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाला अधिक काही सांगावे लागत नाही. तुकडोजी महाराजांनी ती हाती घेतली, मोझरीच्या गुरुकुंजातून तिचा नाद खेडोपाडी गेला, आणि १९५५ साली महाराज जपानला गेले तेव्हा विदर्भातले हे भजन सातासमुद्रापार पोहोचले. या खंजिरीची एक बहीण दक्षिणेत नांदते. तिला तिकडे 'कंजिरा' म्हणतात. फणसाच्या लाकडाचे वीतभर रुंदीचे कडे, एका अंगाला ताणलेले चामडे, कडेला झांजेची एखादी जोडी. एवढासा तो ऐवज! वाजवण्यापूर्वी चामड्याला आतून पाण्याचा हबका दिला की आवाज खाली उतरतो आणि त्या चिमुकल्या वाद्यातून घुमारा निघतो. हा कंजिरा ज्या मेळात बसून जगभर फिरला, त्या मेळाची ही हकीकत आहे.

आता मुळापासून सांगतो. जॉन मॅक्लाफलिन हा इंग्रज गिटारवादक १९४२ साली यॉर्कशायर परगण्यात जन्मला. अमेरिकेत जाऊन त्याने माइल्स डेव्हिस या थोर जॅझवादकाची साथ केली, आणि १९७१ साली स्वतःचा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. विजेची वाद्ये, कानठळ्या बसवणारा आवाज आणि हजारोंची गर्दी असा त्याचा थाट होता. एखादा तेवढ्यावर कृतार्थ झाला असता. हा गृहस्थ मात्र कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात जाऊन एस. रामनाथन यांच्यापुढे शिष्य म्हणून बसला आणि वीणा शिकू लागला. तिथेच त्याला एल. शंकर हा तरुण व्हायोलिनवादक भेटला. आपल्या मुंबईच्या माहीमचे झाकिर हुसेन त्याला आधीच भेटले होते. १९५१ साली जन्मलेले हे अल्लारखाँचे चिरंजीव १९७० साली अमेरिकेस गेले होते. घटम वाजवणारे टी. एच. विनायकराम मद्रासकडून आले. सुरुवातीस मृदंगमवर रामनाड राघवन होते. पुढे चौघेच राहिले.

इथे क्षणभर थांबून आपण एका गोष्टीचा विचार करू. उत्तरेच्या मैफलीत तबलजी कोठे बसतो? गवयाच्या बाजूला. दक्षिणेच्या कचेरीत व्हायोलिनवाला कोठे बसतो? तोही बाजूलाच, गायकाने घेतलेली जागा त्याने सावलीसारखी उचलायची. आणि घटम? घटम म्हणजे भाजलेल्या मातीचा घडा. त्याचा मान मृदंगमच्याही खालचा, म्हणजे तो साथीदाराचा साथीदार. म्हणजे 'शक्ती'त जमलेल्या चौघांपैकी तिघे साथीच्या वाद्यांचे धनी होते! याआधी भारतीय संगीत परदेशी गेले नव्हते असे नाही. १९६७ साली रविशंकरांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचा महोत्सव जिंकला. तबल्यावर अल्लारखाँ होते. पण त्या बैठकीची रचना घरचीच होती : मध्ये मुख्य कलावंत, बाजूला साथ. 'शक्ती'ने ही उतरंडच मोडली. चौघे एका ओळीत जमिनीवर बसले आणि ज्याची पाळी येईल तो मुख्य, बाकीचे साथीला, असा पंक्तीचा नवा रिवाज त्यांनी घातला. आमच्या मते या मेळाचे खरे कार्य हेच होय.

दुसरी गोष्ट थोडी टोचणारी आहे. उत्तरेचे आणि दक्षिणेचे संगीत एकाच आईची लेकरे. पण शेकडो वर्षे दोन चुली मांडून राहिलेली. आपला मालकंस तिकडे 'हिंदोलम' होतो, आपला भूप तिकडे 'मोहनम' होतो. रूपक हे तालाचे नाव दोन्हीकडे आहे. आपण त्याच्या मात्रा सात मोजतो, ते सहा मोजतात. मुंबई आणि मद्रास यांच्यामध्ये आगगाडीचा एका दिवसाचा प्रवास. परंतु त्यांची गाठ पडावी यासाठी अमेरिकेतील विद्यापीठ लागले आणि मध्यस्थ म्हणून एक इंग्रज लागला! यात लाज वाटण्यासारखे आहे, तसे शिकण्यासारखेही आहे. परका माणूस दोन्ही घरांची भांडणे जाणत नाही. म्हणून तो दोन्ही दारे सहज ठोठावतो.

या मेळाची पहिली तबकडी ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील साउथ हॅम्पटन महाविद्यालयात, श्रोत्यांसमोर मुद्रित झाली. तिच्यावर गती तीनच. पहिली सुमारे अठरा मिनिटांची, दुसरी पाच मिनिटांचीही नाही, आणि तिसरीने एकोणतीस मिनिटे घेऊन तबकडीची एक बाजू सबंध व्यापली आहे. साडेतीन मिनिटांच्या गाण्यांवर बाजार चालत असता हे धाडसच म्हटले पाहिजे. त्यानंतर 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' आणि १९७७ साली 'नॅचरल एलिमेंट्स' अशा आणखी दोन तबकड्या निघाल्या.

या मुद्रणांतली गिटार नीट ऐकावी. नेहमीच्या गिटारीवर पडद्यांमधले लाकूड सपाट असते. त्यामुळे तार दाबता येते, पण वीणेसारखी हवी तितकी खेचता येत नाही, आणि मींड तर आपल्या गायकीचा प्राण. मॅक्लाफलिनने एब वेक्टर या कारागिराकडून खास गिटार करवून घेतली. तिच्या पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरले आणि मुख्य तारांना आडव्या अशा सात तरफेच्या तारा बसवल्या. आम्ही पाहुण्याच्या घरी जाताना जोडे बाहेर काढतो. या माणसाने आपले वाद्यच कोरून घेतले. संगीताची भेसळ आणि संगीताचा मिलाफ यांतला फरक आम्ही इथे पाहतो. भेसळ करणारा दुसऱ्याच्या मालात आपले पाणी घालतो. मिलाफ करणारा आधी स्वतः काही सोडतो, काही शिकतो.

शुद्धतेचे अभिमानी यावर नाक मुरडतील. त्यांचा आक्षेप पोकळ नाही. दोन रागांचे तुकडे आणि विलायती ताल यांची खिचडी करून 'फ्यूजन' म्हणून विकणारे आज थोडे नाहीत. पण 'शक्ती'तला प्रत्येक जण आपापल्या घरात पुरता मुरलेला होता. झाकिर हुसेन तबल्याचे बोल म्हणत, विनायकराम दक्षिणेचे कोनक्कोल म्हणत. अक्षरे निराळी, हिशेब मात्र पक्का, आणि समेवर दोघांची गाठ बिनचूक पडे. स्वतःच्या घरात ज्याचे पाय पक्के, त्यालाच शेजारी जाऊन मोकळेपणाने बसता येते.

असे असूनही १९७८ साली हा मेळ विसर्जित झाला. ज्यांना 'महाविष्णू'चा विजेचा कडकडाट हवा होता त्यांना मांडी घालून बसलेली ही माणसे रुचली नाहीत. तबकड्यांचा खप बेताचाच राहिला. चांगली वस्तू बाजारात हरते, तेव्हा ती संपली असे आपण समजतो. तसे नेहमीच नसते.

जवळजवळ वीस वर्षांनी, १९९७ साली, मॅक्लाफलिन आणि झाकिर यांनी तो संसार पुन्हा मांडला. त्याचे नाव ठेवले 'रिमेम्बर शक्ती'. आरंभी हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती, मग यू. श्रीनिवास आले. मेंडोलिनसारख्या परदेशी वाद्यावर दक्षिणेचा राग उभा करणारा हा विलक्षण माणूस. आणि वडील विनायकरामांच्या जागी चिरंजीव सेल्वगणेश आले. त्यांच्या हातात मुख्यत्वे काय होते? कंजिरा! दक्षिणेच्या कचेरीत तो कडेला बसतो. इथे त्याच्या एकट्याच्या वादनासाठी सभागृहे श्वास रोखून बसू लागली.

२००० सालच्या डिसेंबरात या मंडळींनी मुंबईत कार्यक्रम केले. त्यांत शिवकुमार शर्मांचे संतूर होते, आणि चेंबूरला वाढलेले शंकर महादेवन गायला होते. श्रीनिवास खळे यांच्याकडे शिकलेला हा गायक पुढे मेळाचा कायमचा घटक झाला. खळेकाकांच्या तालमीतला सूर आणि यॉर्कशायरची गिटार एका व्यासपीठावर आली. मराठी माणसाने हे ध्यानी ठेवावे.

२०१४ साली श्रीनिवास अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. मेळ पुन्हा थबकला. पुढे गणेश राजगोपालन यांचे व्हायोलिन आले, आणि २०२३ साली पन्नाशीच्या निमित्ताने भारत, युरोप, अमेरिका असा दौरा झाला. त्याच वर्षी 'धिस मोमेंट' हे नवे मुद्रण निघाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९७८ साली बाजारात न टिकलेल्या कल्पनेला शेहेचाळीस वर्षांनी मिळालेली ही पावती. पुढे दहाच महिन्यांनी, १५ डिसेंबर २०२४ रोजी, झाकिर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत निवर्तले. तबल्याची ती जागा आता कोणी भरावी?

श्रोतेहो, आम्ही ही गोष्ट पुरस्कारासाठी सांगितली नाही. धामच्या काठी आपल्या भजनाला बसलेली मंडळी आठवा. एक जण अभंग उचलतो, टाळकरी मागून धरतात, खंजिरीवाला कोपऱ्यात असतो. त्याचे नाव पत्रिकेत छापलेले आम्ही तरी कधी पाहिले नाही. भजन संपल्यावर नारळ बुवांना मिळतो आणि खंजिरीवाला सतरंजी गुंडाळतो. त्याच्या चिमुकल्या वाद्यात किती नाद साठला आहे, हे त्याला कोणी विचारले आहे काय? एखाद्या एकादशीला बुवांनी पाच मिनिटे थांबावे आणि त्याला म्हणावे, 'गड्या, आता तू वाजव, आम्ही टाळ धरतो.' एवढे झाले तरी पन्नास वर्षांच्या त्या मुलुखगिरीचा एक वाटा आपल्या गावात पोहोचला, असे आम्ही समजू.