परमवीर रामा राघोबा राणे

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळाले ते रस्ता मोकळा केल्याबद्दल. राणे घराणे मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे. रामा राघोबांचा जन्म 1918 चा. 1940 मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर 1947 मध्ये अधिकारी झाले. पुढच्या चारच महिन्यांत कसोटीची वेळ आली.

एप्रिल 1948 मध्ये, काश्मीरमधील भारत-पाक युद्धात, भारतीय सैन्याला नौशेऱ्याहून राजौरी गाठायची होती. राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात होती, तिथल्या लोकांचे जीव धोक्यात होते. डोंगरातल्या रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते आणि चीड वृक्षांचे ओंडके आडवे टाकले होते. रणगाडे पुढे न्यायचे तर आधी सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, हे सारे दूर करायला हवे.

8 एप्रिलला काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान ठार झाले, राण्यांसह पाच जण जखमी झाले. राण्यांनी उरलेली तुकडी लगेच सावरली आणि रात्री दहापर्यंत काम चालू ठेवले. सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढताना ते पुढच्या रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत, दोरीच्या खुणांनी चालकाला वाट दाखवत गेले, असे सांगितले जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून वळणरस्त्याचे काम झाले. संध्याकाळी पाच मोठ्या झाडांचा अडथळा लागला. भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला राणे त्याला भिडले आणि साडेसहाला वाट मोकळी झाली. त्या दिवशी विश्रांती किंवा अन्न न घेता ते रात्री नऊपर्यंत राबले. 11 तारखेला वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि 12 तारखेला सैन्य राजौरीत पोहोचले. एका क्षणाच्या आवेशात जीव झोकून देणे थोर आहेच. पण जखमी अंगाने चार दिवस, गोळ्यांच्या माऱ्यात, हात न थरथरता सुरुंग काढत राहणे त्याहून अवघड.

त्या युद्धातील पाच परमवीरचक्रांपैकी तीन मरणोत्तर होती. हयात मानकरी दोघेच, राणे आणि लान्स नायक करम सिंग. राणे 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या परमवीरचक्राच्या प्रशस्तिपत्रात या चार दिवसांची वेळेनुसार नोंद आहे. विद्यार्थी मित्रहो, ते मुळातून जरूर वाचा.