बर्मा-शेल ते भारत पेट्रोलियम : इंधन-स्वावलंबनाची वाटचाल
(कर्जत, जि. अहिल्यानगर येथील भाषणाचा मजकूर)



रायगड जिल्ह्यातील कर्जत रेल्वेमुळे सर्वपरिचित आहे. आपल्या कर्जतला मात्र रेल्वे नाही. येथील शेतमालाची, रुग्णांची, विद्यार्थ्यांची सारी ये-जा मोटाररस्त्यावरच अवलंबून आहे. राज्यातील पहिली एस.टी. बस १ जून १९४८ रोजी धावली, तीही आपल्याच जिल्ह्यातून, अहमदनगर-पुणे मार्गावर. म्हणूनच मोटार-इंधनाचा इतिहास हा आपल्याला परका विषय नव्हे.

१९२८ साली बर्मा ऑइल कंपनी व शेल समूहातील एशियाटिक पेट्रोलियम (इंडिया) यांनी एकत्र येऊन भारतात तेलाची साठवण व वितरण करण्यासाठी बर्मा-शेल कंपनी स्थापन केली. प्रारंभी रॉकेल हाच तिचा मुख्य व्यवसाय होता. चार गॅलनचे पत्र्याचे डबे आगगाडीने, गलबतांतून व रस्त्याने दूरवर पोहोचत. मोटारी आल्या तेव्हा पेट्रोलही आधी डब्यांतूनच विकले जाई. पुढे रस्त्यांच्या कडेला पंप उभे राहिले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल-विमान आणले, त्यालाही याच कंपनीने इंधन पुरविले होते.

वितरणाचे हे जाळे कार्यक्षम होते. परंतु तेल आयातीचे आणि निर्णय परदेशी भागधारकांचे होते. स्वातंत्र्यानंतर शासनाशी करार होऊन मुंबईत माहुल येथे बर्मा-शेलचा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. ३० जानेवारी १९५५ रोजी तो सुरू झाला, तेव्हा त्याची वार्षिक क्षमता २२ लाख टन होती. तथापि, कारखाना आपल्या भूमीवर असणे आणि त्यावर आपली सत्ता असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने सवलतीच्या दराने कच्चे तेल देऊ केले, त्या वेळी परदेशी कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास नकार दिला. पुढे १९७३-७४ मध्ये जगात तेलाचे भाव सुमारे चौपट झाले. १९७४ मध्ये एस्सोचा व्यवसाय शासनाकडे येऊन हिंदुस्थान पेट्रोलियम अस्तित्वात आली. २४ जानेवारी १९७६ रोजी बर्मा-शेलही शासनाच्या ताब्यात आली आणि १ ऑगस्ट १९७७ पासून ती भारत पेट्रोलियम झाली.

मालकी आली, तरी परावलंबन संपले नाही. आजही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. त्यावरील एक उपाय आपल्या जिल्ह्याच्या परिचयाचा आहे. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ येथेच, प्रवरानगरला रोवली गेली. साखरेच्या मळीपासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर, तर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले.

मात्र कर्जत हा अवर्षणप्रवण तालुका आहे आणि उसाला पाणी फार लागते. परदेशी तेलाची गरज भागविताना आपल्या विहिरी आटल्या, तर त्याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. इथेनॉल मक्यापासून व खराब झालेल्या धान्यापासूनही बनते. तेव्हा पीक निवडताना, ठिबक सिंचनाचा निर्णय घेताना पाण्याचा हिशेब आधी मांडावा. तेलाचा निर्णय आपल्या हाती यावा, यासाठी देशाला कित्येक वर्षे वाट पाहावी लागली. पाण्याचा निर्णय आज आपल्या हाती आहे. तो विचारपूर्वक घ्यावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.